संप्रेरक-ग्राहींचे अंतर्ग्रहण आणि विघटन : पेशीय नियमनाचा एक दुर्लक्षित पैलू

प्रस्तावना

संप्रेरकांचे कार्य समजावून सांगताना कुलूप आणि किल्ली ही उपमा सर्रास वापरली जाते. संप्रेरक ही किल्ली व पेशीपटलावरील ग्राही प्रथिन हे कुलूप. किल्ली लागली की पेशी प्रतिसाद देते. ही उपमा सुबोध असली तरी अपुरी आहे. किल्ली लागल्यानंतर कुलपाचे काय होते, हा प्रश्न तीत अनुत्तरित राहतो. वस्तुतः इन्शुलिनसारख्या अनेक प्रथिनरूप संप्रेरकांच्या बाबतीत पेशी ते कुलूप किल्लीसह आत ओढून घेते आणि पुष्कळदा त्याचे विघटनही करते. संप्रेरकाचा परिणाम त्याच्या रक्तातील प्रमाणाइतकाच पेशीपटलावरील ग्राहींच्या संख्येवरही अवलंबून असतो. ही संख्या पेशी कशी नियंत्रित करते, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९५५ मध्ये ख्रिश्चन द ड्यूव्ह यांनी लयकारिकांचे अस्तित्व दाखवून दिले. पाचक विकरांनी भरलेल्या या पेशी-अंगकांत प्रथिनांचे विघटन होते. १९६४ मध्ये थॉमस रॉथ व कीथ पोर्टर यांनी डासाच्या अंडपेशीत, बाहेरील प्रथिने आत घेणारे विशिष्ट आवरणयुक्त खळगे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले.

संप्रेरकांच्या संदर्भात महत्त्वाचा पुरावा १९७४ मध्ये पुढे आला. मानवी लसीकापेशी काही तास इन्शुलिनच्या सान्निध्यात ठेवल्यास त्यांच्यावरील इन्शुलिन-ग्राहींची संख्या घटते, असे गॅव्हिन, जेसी रॉथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. १९७६ मध्ये ग्रॅहम कार्पेंटर व स्टॅन्ली कोहेन यांनी किरणोत्सारी आयोडीन जोडलेला अधिचर्म-वृद्धिघटक वापरला. हा संप्रेरकसदृश पदार्थ पेशीपटलाला जोडला जातो, आत नेला जातो व तेथे त्याचे विघटन होते, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसून आले. याच वृद्धिघटकाच्या शोधासाठी कोहेन यांना १९८६ चा नोबेल पुरस्कार रिटा लेव्ही-माँटालचिनी यांच्यासमवेत मिळाला.

अंतर्ग्रहणाचे टप्पे

अधिचर्म-वृद्धिघटकाचा ग्राही हे या प्रक्रियेचे उत्तम अभ्यासले गेलेले उदाहरण होय. वृद्धिघटक जोडला जाताच दोन ग्राही एकत्र येतात आणि त्यांच्या पेशीद्रवाकडील भागावर फॉस्फेट गट बसतात. हाच पेशीला मिळालेला संदेश होय. त्याचबरोबर ग्राहीला आत घेण्याची तयारीही सुरू होते. पटलाच्या आतील बाजूस क्लॅथ्रिन नावाच्या तीन पायांच्या प्रथिनांची जाळी विणली जाते. पटल खळग्यासारखे आत वळते. डायनामिन हे प्रथिन खळग्याची मान आवळून तोडते आणि एक सूक्ष्म पुटिका सुटी होते. क्लॅथ्रिनचे आवरण गळून पडल्यावर ही पुटिका एंडोसोम या अंगकाशी एकरूप होते.

पुनर्वापर की विघटन ?

एंडोसोम हे एक प्रकारचे वर्गीकरण-केंद्र आहे. येथील माध्यम काहीसे आम्ल असते. अनेक संप्रेरके या आम्लतेत ग्राहीपासून सुटी होतात व मोकळा झालेला ग्राही पेशीपटलाकडे परत जाऊ शकतो. इन्शुलिन-ग्राहींपैकी बरेच याच मार्गाने परततात. अधिचर्म-वृद्धिघटक मात्र या आम्लतेतही ग्राहीला चिकटून राहतो आणि ग्राहीची रवानगी विघटनाकडे होते. उलट, त्याच ग्राहीला जोडला जाणारा दुसरा वृद्धिघटक, टीजीएफ-अल्फा, एंडोसोममध्ये सुटा होतो व ग्राही बहुतांशी वाचतो. एकाच ग्राहीचे भवितव्य त्याला कोणता संदेशवाहक भेटला यावर ठरते, ही बाब लक्षणीय आहे.

विघटनासाठी निवडलेल्या ग्राहीवर सीबीएल हे प्रथिन युबिक्विटिन या ७६ अमिनो आम्लांच्या लहान प्रथिनाची खूण जोडते. ती ओळखणारी एस्कॉर्ट नावाची प्रथिनसंहती ग्राहीला एंडोसोमच्या आत तयार होणाऱ्या पुटिकांत ढकलते. हा टप्पा निर्णायक आहे. एंडोसोमच्या पृष्ठभागावर असेपर्यंत ग्राहीचा संदेश देणारा भाग पेशीद्रवात उघडा असतो आणि संदेश चालूच राहू शकतो. आतील पुटिकेत गेल्यावरच तो पेशीद्रवापासून तुटतो. त्यानंतर एंडोसोम लयकारिकेशी एकरूप होतो आणि ग्राहीचे तुकडे होतात.

वैद्यकीय महत्त्व

ही यंत्रणा बिघडल्यास वाढीचा संदेश वेळेवर थांबत नाही. सीबीएलच्या जनुकातील उत्परिवर्तने काही प्रकारच्या रक्तकर्करोगांत आढळली आहेत.

याउलट, ग्राहींच्या घटीचा उपचारासाठी उपयोगही करता येतो. मेंदूतील अधश्चेतक जीएनआरएच हे संप्रेरक सतत न सोडता ठरावीक अंतराने, स्पंदनांच्या रूपात सोडतो. त्यामुळे पियुषिका ग्रंथी जननग्रंथींना चालना देणारी संप्रेरके स्रवते. १९७८ मध्ये अर्न्स्ट नोबिल व सहकाऱ्यांनी माकडांवरील प्रयोगांत दाखविले की, हेच संप्रेरक तासातून एकदा दिल्यास स्राव टिकतो, परंतु अखंड दिल्यास तो मंदावतो. अखंड उत्तेजनाने पियुषिकेतील ग्राही कमी होतात आणि पेशीतील पुढील संदेशसाखळीही क्षीण होते. ल्युप्रोलाइडसारखी औषधे याच तत्त्वावर पुरस्थ ग्रंथीच्या कर्करोगात वापरली जातात. उपचाराच्या आरंभी टेस्टोस्टेरॉन तात्पुरते वाढते व काही आठवड्यांत अत्यल्प होते. आरंभीच्या या वाढीमुळे रुग्णाचा त्रास बळावू नये, यासाठी काही रुग्णांना सुरुवातीस त्याच्या क्रियेला रोध करणारे दुसरे औषधही दिले जाते. संप्रेरकाची क्रिया वाढविणारे औषध अखेरीस ती थांबविते, हा वरकरणी विरोधाभास ग्राहींचे नियमन लक्षात घेतल्याशिवाय उलगडत नाही.

इन्शुलिनच्या बाबतीत मात्र सावधगिरी आवश्यक आहे. रक्तात इन्शुलिन दीर्घकाळ अधिक राहिल्यास ग्राही घटतात हे खरे. तथापि दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहातील इन्शुलिन-प्रतिरोध केवळ या घटीने स्पष्ट होत नाही. ग्राहीनंतरच्या संदेशसाखळीतील दोषांचाही त्यात मोठा वाटा असतो.

समारोप

ग्राहीचे विघटन ही पेशीची हानी नसून तिच्या नियमनाचे साधन आहे. संदेश स्वीकारणे जितके आवश्यक, तितकेच तो वेळेवर संपविणेही आवश्यक असते. म्हणून रक्तातील संप्रेरकाचे प्रमाण मोजले म्हणजे त्याचा परिणाम कळला, असे मानता येत नाही. कुलूप-किल्लीची उपमा अध्यापनात अवश्य वापरावी. मात्र हे कुलूप पेशी स्वतःच काढून घेऊ शकते, हे विद्यार्थ्यांना त्याच तासिकेत सांगितले गेले पाहिजे.