नंबर लागला नाही तरी

बारावी विज्ञानाच्या मुलांना पुढे काय करणार असे विचारले, तर 'नीट' हे उत्तर ठरलेले. नंबर लागला नाही की मूल नाइलाजाने बी.एस्सी.ला येते आणि रोग्यांसाठी काही करण्याची वाट आपल्याला बंद झाली असे धरून चालते. तसे नाही. रोगांवरील संशोधनात डॉक्टरांइतकीच रसायनशास्त्र, जीवशास्त्र, संख्याशास्त्र शिकलेली माणसे लागतात. गोंदिया जिल्ह्यातील शिक्षकांना याचे उदाहरण दूर शोधायला नको. सिकलसेल हे नाव सालेकसा, देवरीकडच्या अनेक घरांना ठाऊक आहे.

या रोगाचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. त्याच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, इतकाच फरक. प्राणवायू सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे धागे होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. दोष रेणूतच आहे, हे १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. पुढे व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमका फरक शोधला. पॉलिंग आणि इनग्रॅम दोघेही रसायनशास्त्राचे, डॉक्टर नव्हेत.

आता तपासणी पाहा. शिबिरात रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झाले तर सिकल हिमोग्लोबिन आहे; पण मूल नुसते वाहक आहे की रुग्ण, हे त्यावरून कळत नाही. मग नमुना इलेक्ट्रोफोरेसिससाठी जातो. ग्लुटॅमिक आम्लावर ऋण भार असतो, व्हॅलिनवर नसतो. म्हणून विद्युतक्षेत्रात सिकल हिमोग्लोबिन धनाग्राकडे मागे रेंगाळते. (बारावीच्या वर्गात सांगण्याजोगे!) नवजात बाळात मात्र बहुतेक हिमोग्लोबिन गर्भावस्थेतले असते, त्यामुळे गढूळपणाची परीक्षा तिथे फसते. बाळांसाठी स्वस्त, खात्रीची आणि गावातच करता येईल अशी तपासणी तयार करणे, हे जीवरसायनशास्त्रज्ञाइतकेच इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचेही काम आहे.

आणखी एक कोडे. एकाच घरातील दोन भावंडांत दोष तोच. एक वारंवार दवाखान्यात, दुसरे नियमित शाळेत. गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन ज्याच्यात जास्त टिकते त्याला त्रास कमी होतो, पण एवढ्याने सारा उलगडा होत नाही. त्यासाठी जनुके वाचणारे आणि आकडे तपासणारे हवेत. हेच हिमोग्लोबिन पुन्हा वाढवणारा जनुक-संपादनाचा उपचार २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मंजूर झाला. त्याची किंमत आपल्या आवाक्याबाहेरची आहे.

असे काम चंद्रपूरच्या आयसीएमआर केंद्रात व मुंबईच्या राष्ट्रीय रुधिर-प्रतिकारशास्त्र संस्थेत चालते. त्यासाठी एम.एस्सी. आणि नंतर सीएसआयआर-यूजीसी 'नेट' परीक्षेतून संशोधनवृत्ती. ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. पीएच.डी.ला पाच वर्षे सहज जातात. पालकांना हेही सांगावे, की प्रकल्पांवरच्या नेमणुका मुदतीच्या असतात व कायम जागा थोड्या. तपासणी-संच आणि लसी बनवणारे कारखाने, औषधांच्या चाचण्या, गुणवत्ता नियंत्रण येथेही हेच शिक्षण चालते, आणि माझ्या मते अधिक मुलांचे पोट तिथेच भरेल.

देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात प्रयोगशाळेत दोन महिने काम करण्याची शिष्यवृत्ती देतात. तिच्यासाठी विद्यार्थ्यांप्रमाणे शिक्षकांनाही अर्ज करता येतो.