ऑलिव्हला खत किती द्यावे?
स्पेनच्या आंदालुसिया प्रांतात ऑलिव्हच्या बागांना दरवर्षी नत्र देण्याची रीत जुनी आहे. पण झाडाला दरवर्षी त्याची गरज असतेच असे नाही. जुलैत पाने तपासली आणि त्यांत नत्र दीड टक्क्याहून अधिक निघाले, तर वाढीव खताने उत्पादन सहसा वाढत नाही, असे तिथल्या अनेक वर्षांच्या प्रयोगांत दिसले. उलट तेलाचा दर्जा उतरतो. नत्र जास्त झाले की फळातली पॉलिफेनॉल घटतात. ताज्या तेलाचा कडवटपणा आणि घशाला जाणवणारा तिखटपणा त्यांच्यामुळेच येतो, आणि तेल लवकर खवट होऊ न देणारीही तीच.

मग खत बंदच करावे का? तसे नाही. नत्र खरोखर कमी पडले तर नवी फूट खुंटते, आणि पुढच्या वर्षीचा मोहोर याच फुटीवर येतो. पालाश तर फळांबरोबर बागेबाहेर जाते. भरघोस पिकानंतर, विशेषतः कोरडवाहू बागेत, त्याची उणीव भासते. कोणी म्हणेल, जास्त नत्राने तेलाचा कडवटपणा कमी झालेला ग्राहकाला बरा. पण त्याच्याबरोबर टिकाऊपणाही जातो. म्हणून खताचा हिशेब पोत्यांवरून नव्हे, पानांवरून करावा.