गणिताची एक एक पायरी

“आमच्या मुलास गणित साधावयाचें नाहीं,” असें कित्येक पालक मुलांदेखत बोलून टाकतात. वास्तविक मुलास सर्वच गणित येत नाहीं असें क्वचितच घडतें. त्यास एखादी विशिष्ट पायरी आलेली नसते, आणि म्हणून तिच्यावरील सर्व कांहीं त्यास दुर्बोध वाटतें. ती पायरी शोधून तेथेंच साहाय्य करणें, हें शिक्षकांचें व पालकांचें कर्तव्य होय.

गणिताची रचनाच पायऱ्यांची आहे. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें रचिलेल्या ‘लीलावती’चा क्रम पाहावा. प्रथम मापें, मग अंकांचीं स्थानें, नंतर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ, घन व घनमूळ हीं आठ परिकर्में, पुढें अपूर्णांक, आणि त्रैराशिक येतें तें या सर्वांनंतर. आचार्यांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनीं मठ स्थापिला, असें चाळीसगांवानजीकच्या पाटणें येथील १२०७ सालच्या शिलालेखावरून कळतें. आपल्याकडील जुन्या शाळांतूनही पाढ्यांच्या जोडीस पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत, त्याचा हेतु हाच कीं, व्यवहारी हिशेबाची पायरी आधीं पक्की व्हावी.

आतां आपल्या मानोऱ्यांतील शेतकऱ्याच्या घरचें उदाहरण घेऊं. सोयाबीनचा दर क्विंटलास ४००० रुपये धरला, तर पावणेतीन क्विंटलांचे किती रुपये होतील? एखादा विद्यार्थी उत्तर लिहितो, ‘८००० पूर्णांक तीन चतुर्थांश.’ येथें “पाढे पाठ कर” म्हणून रागावणें म्हणजे रोग एक व औषध दुसरें! गुणाकार त्यास येतो. दोन क्विंटलांचे रुपये त्यानें बरोबर काढिले आहेत. उरलेल्या पाऊण क्विंटलासही दर लागतो, एवढेंच त्याच्या ध्यानांत आलेलें नाहीं. म्हणून त्यास विचारावें, “अर्ध्या क्विंटलाचे किती?” तो म्हणेल, २०००. “पाव क्विंटलाचे?” १०००. “मग पाऊण क्विंटलाचे?” ३०००. पुढची बेरीज करून ११००० हें उत्तर तो आपण होऊनच सांगेल.

दुसऱ्या उदाहरणास यांतील एकच प्रश्न विचारावा, तिसऱ्यास एकही नको. पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीस भोपळा बांधतात, परंतु हातपाय चालूं लागले कीं तो सोडतात. आरंभींच सोडला तर मूल बुडेल, आणि कधींच न सोडला तर त्यास पोहतां येणार नाहीं.

खालची पायरी पक्की करणें कंटाळवाणेंच असलें पाहिजे, असेंही नाहीं. देवळालीच्या शाळेंतील शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनीं १९४९ सालीं एक मौज दाखवून दिली. चार अंकी संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमानें मांडून, त्यांतून चढत्या क्रमानें मांडलेली संख्या वजा करावी, व येणाऱ्या बाकीवर हीच क्रिया पुनः करावी. बाकी तीन अंकी आली तर आरंभीं शून्य लिहावें. उदाहरणार्थ, ३५२४ ही संख्या घेतली तर :

५४३२ – २३४५ = ३०८७
८७३० – ०३७८ = ८३५२
८५३२ – २३५८ = ६१७४

फार तर सात खेपांत ६१७४ आलेच पाहिजेत. न आले तर वजाबाकींत कोठें तरी चूक आहे, हें मुलास कोणी न सांगतां समजतें, व तो स्वतःच ती शोधूं लागतो.

ज्या मातापित्यांस शाळेंत जाण्याची संधि मिळाली नाहीं, त्यांनींही आपण निरुपयोगी आहों असें मानूं नये. मुलाजवळ बसून “हें कसें केलेंस, मला सांग” एवढें म्हणावें. सांगतां सांगतां मूल जेथें अडखळेल, तीच त्याची कच्ची पायरी. दुसरे दिवशीं ती शिक्षकांस दाखविण्यास त्यास सांगावें.

आणि विद्यार्थिमित्रहो, चुकलेली पायरी खोडून टाकूं नका. तुम्हांस मदत कोठें हवी आहे, तें तीच आम्हांस दाखविते.