घर ऊसतोडीला गेलं, आजारी माणसाजवळ कोण?

वर्षावासात आपल्या विहारांत ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ वाचला जातो. त्यात एका आजारी भिक्खूचा प्रसंग आहे. त्याला हगवण लागली होती. तो स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि कुणी जवळ जात नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून अंथरुणावर निजवले. मग संघाला बजावले, की इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांचे करायला हवे.

बीड जिल्ह्यात ही वेळ आपल्यावर दरवर्षी येते. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मुकादमाची उचल घेतलेली असते. घरात कॅन्सरचा किंवा लकव्याचा माणूस असला तरी जोडप्याला थांबता येत नाही. त्यांना बोल लावून उपयोग नाही. मागे राहिलेल्या माणसाला वस्तीनेच सांभाळले पाहिजे.

डॉक्टर “आता घरी न्या” म्हणाले म्हणजे सगळे संपले असे आपण समजतो. आजार बरा होत नसला तरी दुखणे, धाप, जखमा आणि भीती कमी करता येते. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. केरळात कोझिकोडला १९९३ साली असे काम सुरू झाले. पुढे साध्या शेजाऱ्यांनी थोडे शिकून घेऊन ते गावोगाव नेले. आपल्यालाही ते जमेल.

सोबतीला जाणाऱ्याने एवढे करावे:

• आधी हात साबणाने धुवावेत. माणसाला विचारूनच अंगाला हात लावावा.

• दर दोन तासांनी कूस बदलावी. टाचा, कंबर, माकडहाड रोज पाहावे. कातडी लाल दिसली तर चोळू नये, तिथला भार काढावा आणि आशाताईंना सांगावे.

• तोंड ओल्या स्वच्छ फडक्याने पुसावे. गिळता येत नसेल तर घास कोंबू नये, निजलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. ओठ ओले ठेवावेत.

• दुखणे किती, कुठे आणि केव्हा वाढते ते वहीत लिहावे. डॉक्टरांना ही वही फार कामाची असते.

• “काही होत नाही” असे म्हणू नये. ते बोलतील ते ऐकावे, आणि ते बाहेर सांगू नये.

• पैसे, कागद आणि अंगठा यात पडू नये.

औषध देणे हे सोबत्याचे काम नाही. तीव्र दुखण्यावर डॉक्टर मॉर्फिनची गोळी देतात. ती मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ साली कायदाही बदलला. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत घेतली तर व्यसन लागेल ही भीती धरू नका. मात्र या गोळीने शौचाला घट्ट होते, त्याचे औषध सोबतच मागा. मात्रा आपल्या मनाने वाढवू नका, एकदम बंदही करू नका. आरोग्य मंदिरातून द्यायच्या सेवांत वृद्धांची आणि अशा रुग्णांची काळजी धरलेली आहे. आधी तिथे आणि आशाताईंकडे विचारा. पुढे बीडचे जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. धाप वाढली, रक्त गेले किंवा दिवसभर लघवी झाली नाही तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

आम्ही वस्त्यांत फिरतो तेव्हा हे काम बायांच्याच गळ्यात पडलेले दिसते. पुरुष रुग्णाला धुणे-पुसणे पुरुषांनी करावे. भगवंतांनी आणि आनंदांनी केले, त्यात आपल्याला कसली लाज?

अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, तेव्हा अजून बरीच घरे वस्तीत असतात. त्याच दिवशी विहारात यादी करा. कोणाच्या घरी कोण अंथरुणाला खिळले आहे, घरचे कधी निघणार, त्यांचा फोन नंबर काय, औषधे कोणती, हे लिहा. प्रत्येक रुग्णामागे चार जण ठरवा आणि आठवड्याचे वार वाटून घ्या. जाणाऱ्या लेकाला-सुनेला सोबत्यांची नावे सांगून निरोप द्या. फडात राबताना त्यांचा जीव घराकडे लागलेला असतो, त्यांनाही थोडा धीर येईल.

जय भीम, नमो बुद्धाय.