आधी सेन्सर, मग वीज

पहाटे 5.30, बारामती. निमगाव केतकीच्या उसाच्या फडातल्या, सेन्सरकडून ओलाव्याचा आकडा घेऊन पाठवणाऱ्या गेटवेची बॅटरी रात्रीत पुन्हा तळाला गेलेली. शेजारच्या रानांतले गेटवे ठणठणीत. ऊन सगळ्यांना सारखंच, म्हणजे दोष पॅनेलचा नाही.

7.00. इंदापूरचा रस्ता. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड आणि मायक्रोसॉफ्टच्या साथीने उसात एआय आणलं. जानेवारी 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी त्याचं कौतुकही केलं. बोलबाला एआयचा होतो, पण बांधावरचं यंत्र रात्री नीट झोपलं नाही तर सकाळी ओलाव्याचा आकडाच मिळत नाही.

8.30. पाचट तुडवत गेटवेच्या खांबापाशी. मल्टीमीटर लावला: 180 मिलिअँपिअर. झोपेत 10च्या आत हवा. लॅपटॉप जोडून लॉग उघडला, तर लिनक्स दर खेपेला झोपायला निघतं आणि अर्ध्यातून परत फिरतं. सेन्सरला वीज देणारा रेग्युलेटर आधी बंद होतो. मग सेन्सरचा ड्रायव्हर त्याला ‘थांब’ म्हणून सांगायला जातो, उत्तर येत नाही, ड्रायव्हर एरर देतो आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अख्खी झोप रद्द करतं. रात्रभर हेच.

“ताई, दिवसभर ऊन खातंय की पॅनेल, मग बॅटरी का उतरती?” रानाच्या मालक काकांनी विचारलं. मी क्रम सांगितला. “म्हंजे मोटार चालू ठेवून फ्यूज काढल्यागत!” अगदी तसंच.

10.00. कोण कुणाच्या विजेवर चालतं, हे कर्नलला आपोआप कळत नाही. 2017च्या 4.10 आवृत्तीपासून लिनक्समध्ये डिव्हाइस लिंक आहेत: अवलंबून असलेला आधी झोपतो, पुरवठादार नंतर, उठताना उलट. नाहीतर उपकरणं ज्या क्रमाने नोंदली गेली, त्याच्या उलट क्रमाने झोपतात, आणि तो बरोबर निघणं नशिबावर. या बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय हे कर्नलला सांगणाऱ्या यादीत, सेन्सरखाली ‘व्हीसीसी-सप्लाय’ची ओळच नव्हती. ती घातली, लिंक कर्नलने स्वतः जोडली.

दुपारी 12 ते 3. भाकरी खाल्ली. बोर्ड पुन्हा पुन्हा झोपवला, उठवला. करंट 6 मिलिअँपिअर.

4.00. आज रात्रपाळीची लाईट. मोटार किती वेळ चालवायची, हे काका आकडा बघून ठरवणार. नीरा डाव्या कालव्याखाली जादा पाण्याने क्षारपड झालेली रानं इथे सगळ्यांनी पाहिली आहेत. अंदाजाने पाणी देणं परवडत नाही.

बोर्ड बनवणाऱ्यांनो, सर्किटवर विजेची रेघ ओढाल त्याच दिवशी ती डिव्हाइस ट्रीतही लिहा.