कुत्रा, ॲलर्जी आणि आपले कर्तव्य

दादरच्या ‘राजगृहा’त फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेले छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पूज्य बाबासाहेब, माता रमाई, कुटुंबीय आणि सोबत बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबी. मुक्या प्राण्यावर माया करणे आपल्याला नवीन नाही. परंतु काही घरांत कुत्रा आला की कोणाला तरी सारख्या शिंका येतात, डोळे चुरचुरतात, रात्री छातीत घरघर होते. मग एके दिवशी त्या कुत्र्याला दूर नेऊन सोडले जाते. हा खरा उपाय आहे काय?

दुःख दूर करावयाचे तर आधी त्याचे कारण शोधावे, ही तथागतांची शिकवण. कुत्र्याच्या केसांमुळे ॲलर्जी होते, हा समज बरोबर नाही. त्याची लाळ, कातडीचा कोंडा व मूत्र यांतील काही प्रथिनांना आपले शरीर शत्रू समजते आणि हिस्टामिन सोडते. त्यातून हा त्रास होतो. केस ही प्रथिने केवळ वाहून नेतात. म्हणून आखूड केसांचा कुत्रा आणून प्रश्न सुटत नाही. शिवाय कुत्रा गेला तरी हा कोंडा गाद्या-पडद्यांत कित्येक महिने टिकतो.

प्रथम डॉक्टरांकडून त्वचेची किंवा रक्ताची तपासणी करून घ्यावी. धूळ, बुरशी, झुरळे यांचीही ॲलर्जी असते. दोष झुरळांचा आणि शिक्षा कुत्र्याला, असे होऊ नये. दोष कुत्र्याचाच निघाला, तर पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) कुत्र्याला अंथरुणावर व झोपण्याच्या खोलीत येऊ देऊ नये. एकाच खोलीचे घर असल्यास गॅलरीत किंवा दाराजवळ त्याची जागा ठरवावी.

२) कोरड्या झाडूने कोंडा उडतो, त्याऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसावी. चादरी, उशांचे अभ्रे दर आठवड्यास गरम पाण्यात धुवावेत.

३) कुत्र्याला आंघोळ घालणे व विंचरणे ही कामे त्रास नसलेल्या व्यक्तीने, शक्यतो घराबाहेर करावीत. आंघोळीचा परिणाम थोडे दिवसच टिकतो.

४) कुत्र्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत.

गोळ्या, नाकातील फवारे, दम्याचे पंप ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

एवढे करूनही मुलाचा दमा बळावत असेल, तर मुलाच्या प्रकृतीला प्राधान्य द्यावे, यात दुमत नाही. मात्र अशा वेळी कुत्र्याला सांभाळणारे दुसरे घर शोधावे. उपासमार होईल अशा स्थितीत पाळीव प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

मैत्री व करुणा ही केवळ वंदनेपुरती नाहीत. आजारी मूल आणि मुका जीव या दोघांचाही विचार करणे, हेच आपले कर्तव्य होय.