मुलुंडमध्ये जन्मलेलं औषध आतड्याच्या कॅन्सरवर का चाललं नाही?

दिघ्याहून ऐरोलीचा पूल ओलांडला की मुलुंड. तिथे लाल बहादूर शास्त्री मार्गावर हेक्स्ट इंडिया कंपनीचं संशोधन केंद्र होतं. 1980 च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटात आढळणाऱ्या, कडुनिंबाच्या कुळातल्या एका झाडाच्या सालीतून 'रोहितुकीन' हे द्रव्य वेगळं केलं. त्याच्या रचनेवरून त्यांनी 'फ्लॅव्होपिरिडॉल' तयार केलं. पेशीचक्र चालवणारी एन्झाइम्स अडवणारं आणि माणसांवर चाचणी झालेलं हे जगातलं पहिलं औषध.

ही एन्झाइम्स म्हणजे सीडीके. एका पेशीच्या दोन होण्याआधी तिला टप्प्याटप्प्याने परवानगी लागते आणि ती सीडीके देतात. पण एकट्याने नाही, 'सायक्लिन' नावाचं प्रथिन सोबत लागतं. या यंत्रणेच्या शोधाबद्दल हार्टवेल, हंट आणि नर्स यांना 2001 चं नोबेल मिळालं.

आतड्याच्या बहुतेक कॅन्सरमध्ये एपीसी हे जनुक बिघडलेलं असतं. त्याचं काम पेशीला आवर घालण्याचं. तो आवर सुटला की 'वाढत राहा' हा संदेश थांबतच नाही, सायक्लिन वाढतं आणि पेशी विभागत राहतात. मग सीडीकेच बंद केलं तर?

कागदावर हे चोख दिसतं. प्रत्यक्षात, पुढच्या टप्प्यातल्या आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांवर फ्लॅव्होपिरिडॉल एकटंच देऊन केलेल्या चाचणीचा निकाल 2003 मध्ये आला. एकाही रुग्णाची गाठ निकषात बसेल इतकी आकसली नाही.

अडचण अशी, की सीडीके कॅन्सरची खासगी मालमत्ता नाही. निरोगी आतड्याचं अस्तरही चार-पाच दिवसांत नवं होतं, तेही याच एन्झाइम्सच्या जोरावर. शिवाय फ्लॅव्होपिरिडॉल एकाच वेळी अनेक सीडीके अडवतं. सुरुवातीच्या चाचण्यांत डोस वाढवताना आडवे आले ते जुलाब! आणि एक वाट अडवली तर कॅन्सरची पेशी दुसरी शोधते.

नेमका नेम धरल्यावर चित्र बदललं. फक्त सीडीके-4 आणि 6 अडवणारं पाल्बोसिक्लिब 2015 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण स्तनाच्या कॅन्सरसाठी. आतड्याच्या कॅन्सरमध्ये अशा औषधांना इतर औषधांची जोड देऊन प्रयोग झाले आहेत, मात्र नेहमीच्या उपचारांत त्यांना अजून जागा मिळालेली नाही. तिथे आजही आधार आहे तो शस्त्रक्रियेचा आणि 1957 पासून माहीत असलेल्या फ्लुरोयुरॅसिलचा. तेही एक एन्झाइमच अडवतं, फक्त वेगळं, डीएनएसाठी लागणारा कच्चा माल बनवणारं.

मुलुंडचं केंद्र पुढे पिरामल समूहाकडे गेलं आणि तिथूनही सीडीके अडवणारं नवं रसायन चाचण्यांपर्यंत पोहोचलं. उद्या कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर 'कॅन्सर बरा करणाऱ्या झाडाचा' काढा पाठवलाच, तर त्या सालीतलं द्रव्य हे औषध नव्हे. त्यावरून बनवलेलं, शिरेतून मोजून दिलेलं रसायनही या कॅन्सरपुढे कमी पडलं होतं.